'दाहक मध्यस्थ' म्हणावे का?

प्रश्न असा आला आहे: ॲलर्जीच्या सर्दीवरच्या मराठी लेखांत 'इन्फ्लमेशन'साठी कुठे दाह, कुठे शोथ, कुठे सूज असते. यातला योग्य शब्द कोणता? आणि 'इन्फ्लमेटरी मेडिएटर्स'ना, म्हणजे हे इन्फ्लमेशन घडवून आणणाऱ्या शरीरातल्या रसायनांना, 'दाहक मध्यस्थ' म्हणणे बरोबर का?

मूळ लॅटिन शब्दात आग आहे, म्हणून 'दाह' आला. पण नाक चोंदलेल्या माणसाला आत दाह होतोय का विचारा, तो नाही म्हणेल. 'दाहक' तर त्याहून वाईट. तो ॲसिडला शोभतो. 'शोथ' अचूक आहे, पण वाचकाला अडतो. मराठी विश्वकोशानेही 'शोथ'पुढे कंसात 'दाहयुक्त सूज' असा खुलासा केलेला आढळतो.

नाकापुरते माझे मत साध्या 'सूज'ला. नाक चोंदले की आत शेंबूड साठलाय असे समजून आपण शिंकरत बसतो. ॲलर्जीत बहुतेक वेळा आतल्या अस्तराच्या रक्तवाहिन्या फुगून वाटच अरुंद झालेली असते, म्हणून कितीही शिंकरले तरी नाक सुटत नाही. 'सूज' म्हटले की हे लगेच कळते.

'मध्यस्थ' मात्र नकोच. मध्यस्थ भांडण मिटवतो. ही मंडळी लावून देतात! परागकण किंवा धुळीतल्या माइट्सचे (अतिसूक्ष्म किड्यांचे) कण नाकात गेले, की अस्तरातल्या मास्ट पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) आधीच भरून ठेवलेले हिस्टामीन हे रसायन काही मिनिटांत सोडतात. ते चेतातंतूंना डिवचते: खाज, शिंका, पाणी. ल्युकोट्राइन्स ही दुसरी रसायने त्याच वेळी नव्याने तयार होतात आणि नाक चोंदण्यात त्यांचा वाटा मोठा. इंटरल्युकिन-५ सारखी द्रव्ये इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना बोलावून घेतात, आणि मग चार-आठ तासांनी त्रासाची दुसरी फेरी सुरू होते. हिस्टामीनला अडवणाऱ्या सेटिरिझिनच्या गोळीने शिंका थांबतात पण नाक तितकेसे मोकळे होत नाही, ते यामुळेच. सुजेवर नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे जास्त चालतो.

ही सगळी निरोप पोचवण्याची कामे. तेव्हा 'सूज आणणारे रासायनिक संदेशवाहक' म्हणावे. लांबलचक आहे, मान्य. एकदा लिहून पुढे नुसते 'संदेशवाहक' पुरते.

द्रव्यांची नावे मात्र भाषांतरित करू नयेत. ल्युकोट्राइन हे नाव 1979 मध्ये स्वीडिश संशोधक बेंग्ट सॅम्युएलसन यांच्या गटाने दिले: 'ल्युको' पांढऱ्या पेशींवरून, 'ट्राइन' रेणूतल्या तीन दुहेरी बंधांवरून. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या 'मॉन्टेल्युकास्ट' या ल्युकोट्राइन्सना रोखणाऱ्या औषधाच्या नावातला 'ल्युक' तिथूनच आलेला आहे.