मागणीवरून केलेल्या जलरंगचित्रात अखेरीस चूक झाली, तर चित्र टाकून द्यावे का?

लगेच टाकून देऊ नये. आधी कागद पूर्ण वाळू द्यावा, कारण अर्धवट ओल्या रंगावर घाईने केलेली दुरुस्ती बहुधा मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान करते आणि जलरंग वाळताना फिकट होत असल्याने डाग किती गंभीर आहे, हे तेव्हाच कळते. मी अशीच कामे करतो, त्या अनुभवावरून हे सांगतो. वाळल्यावर स्वच्छ पाण्यात भिजवलेला ताठ केसांचा ब्रश त्या जागी हलकेच फिरवावा आणि सुटलेला रंग टिपकागदाने टिपावा. 300 ग्रॅमचा (दर चौरस मीटरला इतक्या वजनाचा, म्हणजे जाड) सुती कागद हे सोसतो. मात्र अल्ट्रामरीन हा निळा रंग बराचसा निघत असला, तरी थॅलो निळा हा दुसरा निळा रंग कागदात मुरतो. तसे झाल्यास ग्राहकाला स्पष्ट सांगून चित्र नव्याने करावे, आणि त्यासाठी मुदत ठरवतानाच थोडे दिवस हाताशी ठेवावेत.