दोष कॅसेटमध्ये की वाचणाऱ्या यंत्रात?

प्रश्न : ताई, घरात लग्नाच्या काही व्हीएचएस कॅसेट आणि मुलांच्या लहानपणीच्या हँडीकॅमच्या छोट्या कॅसेट आहेत. एका नातेवाइकाकडून जुना व्हीसीआर आणला, यूएसबीचं कॅप्चर यंत्र घेतलं आणि कॉम्प्युटरला जोडलं. चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, मध्येच निळा पडदा येतो आणि तासाभरानं ओठ आणि आवाज यांचा मेळ राहत नाही. जुन्या टीव्हीवर मात्र तीच कॅसेट बरी दिसते. एका कॅसेटच्या रिळावर पांढरी भुकटी आहे. या कॅसेट गेल्या असं समजायचं का? आणि छोट्या कॅसेट व्हीसीआरमध्ये लावायला कोणता अडॅप्टर घ्यावा?

उत्तर : पांढऱ्या भुकटीचं आधी. ती बहुतेक बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका, 'एकदा चालवून तर बघू' म्हणूनसुद्धा नाही. बुरशी हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) आणि रोलरवर बसते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. हेड बुजलं की चित्र नीट दिसत नाही, आणि बुरशी लागलेली टेप अडकते, कधी तुटतेही. ती कॅसेट कोरड्या जागी, बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि टेप साफ करण्याचं यंत्र असलेल्या माणसाकडेच द्या. घरी कापसानं पुसत बसू नका.

आता बाकीच्या कॅसेट. टीव्हीवर बरी दिसते असं तुम्हीच लिहिलंत, म्हणजे बहुधा टेपवरचं चित्र शाबूत आहे. व्हीसीआरमधला ड्रम, म्हणजे हेड बसवलेला गोल भाग, आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 वेळा फिरतो आणि त्यावरची हेड टेपवरचे तिरपे पट्टे वाचतात. एका पट्ट्यात अर्धं चित्र, म्हणजे सेकंदाला 50 अर्धी चित्रं. चित्राची प्रत्येक ओळ 64 मायक्रोसेकंदांत संपली पाहिजे. पण टेप वर्षानुवर्षं पडून ताणली जाते, व्हीसीआरचे रबरी भाग निबर होतात, मग एखादी ओळ लवकर सुरू होते, एखादी उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही अशा डगमगत्या सिग्नलला सांभाळून घ्यायचा. स्वस्त कॅप्चर यंत्राला वेळेत आलेल्या ओळीच हव्या असतात. वेळ चुकली की चित्र झुकतं, फार चुकली की फ्रेम सरळ टाकून दिल्या जातात किंवा निळा पडदा येतो. आवाज मात्र आपल्या चालीनं पुढे जात राहतो. ओठ आणि आवाज वेगळे पडतात ते यामुळे.

यावरचा इलाज म्हणजे ओळींची वेळ पुन्हा नीट लावणारं यंत्र. त्याला टाइम बेस करेक्टर म्हणतात. काही चांगल्या एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित जात) व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. ते मिळालं नाही तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. व्हीसीआरची वायर रेकॉर्डरमध्ये आणि रेकॉर्डरची वायर कॅप्चर यंत्रात. डिस्क घालायचीही गरज नाही, सिग्नल त्यातून नुसता गेला तरी काही मॉडेलांत चित्र ताठ उभं राहतं. दिसायला जुगाड आहे, पण या कामातली बरीच मंडळी हेच करतात. शिवाय व्हीसीआरच्या मेनूत निळ्या पडद्याची सोय असेल तर ती बंद करा.

माझं मत विचाराल, तर पैसा सॉफ्टवेअरवर घालवू नका, व्हीसीआरवर घाला. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, 2016 साली थांबली. आता जे आहे ते जुनंच, आणि दर वर्षी त्यातलं थोडं भंगारात जातं. हेड साफ करताना शामॉय, म्हणजे मऊ चामड्याच्या, कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ते ड्रमवर स्थिर धरा आणि ड्रम हातानं फिरवा. वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. कॅसेट लावण्याआधी तिच्या कडेची छोटी पट्टी मोडलेली आहे का बघा. नसेल तर मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळा. कॅसेट दुसऱ्या यंत्रावर भरलेली असेल तर आपोआप होणाऱ्या ट्रॅकिंगवर (हेड टेपवरच्या पट्ट्यांशी जुळवण्यावर) विसंबू नका, हातानं जुळवा.

कॅप्चर करताना चित्र 'सुधारायचा' मोह टाळा. 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, आहे तसं इंटरलेस्ड, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चित्रांच्या जोडीनं, घ्या. हालचालीत कंगव्यासारख्या रेघा दिसतील. दोन अर्धी चित्रं एकत्र दिसतात म्हणून तसं होतं, तो बिघाड नाही. पाहण्याच्या प्रतीत त्या काढा आणि तिथे 50 फ्रेम ठेवा, हालचाल नैसर्गिक वाटते. मूळ प्रत मात्र दर्जा न घटवता जपा. तासाला 30 जीबीच्या आसपास जागा लागते, तेवढी देऊन टाका. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि कॅसेट फेकू नका. दुकानदारानं डीव्हीडी करून दिली म्हणून तर मुळीच नाही, डीव्हीडीवर चित्र बरंच दाबून बसवलेलं असतं.

छोट्या कॅसेटवर काय छापलंय ते वाचा. 'व्हीएचएस-सी' असेल तरच अडॅप्टर चालतो, कारण आतली टेप तीच अर्ध्या इंचाची असते. 'व्हिडिओ-एट' किंवा 'हाय-एट' असेल, तर टेपची रुंदी 8 मिलिमीटर आणि भरण्याची पद्धतही वेगळी. व्हीसीआरमध्ये बसवणारा अडॅप्टर त्यासाठी कधी निघालाच नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. त्याच जातीचा कॅमेरा लागेल. 'मिनी-डीव्ही' असेल तर तुमचं काम सोपं. त्यावरचं चित्र मुळातच डिजिटल आहे. ते पिवळ्या पिनेतून (ॲनालॉग वायरीतून) काढून खराब करू नका, कॅमेऱ्याच्या फायरवायर नावाच्या डिजिटल पोर्टमधून जसंच्या तसं उतरवा. तासाला सुमारे 13 जीबी होतात.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेनं जुनं शूटिंग 4के करून देतात. करून घ्यावं का?

उत्तर : व्हीएचएसवर आडव्या दिशेनं 240 ओळींच्या आसपासचाच तपशील असतो. त्यापुढचं जे दिसतं ते प्रोग्रॅमनं अंदाजानं भरलेलं. झाडाच्या पानांचं चालून जाईल. आजीच्या डोळ्यांचं मला चालत नाही. तुम्हाला चालत असेल तर वेगळी प्रत काढून हौस भागवा, मूळ फाइलला हात लावू देऊ नका.