ताई, आई चहात काही घालते का?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

ताई, मी 28 वर्षांची आहे. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून एका संस्थेत लागले. पदाचं नाव केस मॅनेजर. गंभीर मानसिक आजार असलेल्यांच्या घरी जायचं, औषधं चालू आहेत का बघायचं, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सिव्हिलला न्यायचं, घरच्यांशी बोलायचं, हे काम. 2 तालुक्यांत मिळून 54 जण माझ्याकडे आहेत.

त्यांतले एक दादा 34 वर्षांचे आहेत. स्किझोफ्रेनिया. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गोळ्या बंद केल्या. जेवणात विष घालतात म्हणून जेवेनात, आणि एका रात्री झटापटीत वडिलांचा हात मोडला. तेव्हापासून आई सकाळच्या चहात औषधाचे थेंब घालतात. त्याआधी देवऋषाचा अंगारा घालायच्या. डॉक्टर तोंडी ‘सध्या चालू द्या’ म्हणाले होते, केसपेपरवर काही नाही. दादा आता मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जातात. हात जड पडतात, बारीक स्क्रू सुटत नाहीत, एवढीच तक्रार असते.

गेल्या महिन्यात ओसरीवर बसलो होतो. ते म्हणाले, ‘ताई, तुम्ही खोटं बोलत नाही म्हणून विचारतो. आई चहात काही घालते का?’ मी म्हटलं, ‘काहीतरीच काय दादा!’ ते हसले आणि चहा प्यायले. त्यांच्या आई मला म्हणतात, सांगितलंस तर आमचं घर मोडेल. सुपरवायझर म्हणतात, पेशंट स्थिर आहे, उगाच काडी घालू नकोस. मला झोप लागत नाही. हे काम सोडावं का?

– नाव नको

अगं, ‘ते हसले आणि चहा प्यायले’ हे वाक्य तू भरकन लिहून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले.

मला वाटतं, दादांना ठाऊक आहे. सगळं नसेल, निम्मं असेल. दोन वर्षं रोज एकाच हातचा चहा पिणाऱ्या माणसाला चवीतला फरक कळतो, आणि आई चहा देताना नजर कुठे ठेवते तेही कळतं. त्यांनी तुला विचारलं ते चहाविषयी नव्हतंच बहुतेक. या घरात येणारं एक तरी माणूस आपल्याशी खरं बोलतं का, हे त्यांना बघायचं होतं.

तू नापास झालीस. स्पष्ट लिहितेय, कारण ‘तुझा नाइलाज होता गं’ असं म्हणणारे तुला घरी आणि ऑफिसात पुष्कळ मिळतील, आणि त्याने तुला झोप लागलेली नाही. पण मीही नापास झालेली आहे, तेही तुझ्यापेक्षा मोठ्या पेपरात.

मी एका मनोरुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका माणसाला घरचे आणू शकत नव्हते. भावाला युक्ती मीच सुचवली: अक्कलकोटला दर्शनाला जायचं म्हणून जीपमध्ये बसवा. बिचारा आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसला. उतरला तो आमच्या फाटकात. औषधांनी त्याला छान गुण आला, महिन्या-दीड महिन्यात घरी गेला. पुढे कित्येक वर्षं तो एसटीने एकटा ओपीडीला यायचा, पण भावाच्या गाडीत पाय ठेवला नाही. एकदा मी विचारलंच. म्हणाला, ‘मॅडम, मला ऐकू यायचे ते आवाज खोटे होते हे मला पटलंय. जीप मात्र खरी होती.’

तुझ्या दादांचंही तेच आहे. जेवणात विष घालतात, हा त्यांच्या आजाराचा मुख्य संशय. तो खोटा आहे असं आपण सगळे त्यांना समजावतो, आणि त्यांच्याच चहात रोज सकाळी त्यांच्या नकळत काहीतरी पडतं. उद्या कपाटात ती बाटली सापडली की आजाराचं म्हणणं खरं ठरेल आणि तुम्ही सगळे खोटे. मग गोळी तर सोडच, आईच्या हातचं पाणीसुद्धा ते पिणार नाहीत.

आता त्या हातांचं. हात जड पडतात, बारीक स्क्रू सुटत नाहीत, हे तू ‘एवढीच तक्रार’ म्हणून लिहिलंस. तू रिस्पेरिडोनचे थेंब म्हणत असशील असं धरून चालते, आपल्याकडे पुष्कळ घरांत तेच असतात. हात-पाय आखडणं, थरथर, तोंडात लाळ साठणं, पाय एका जागी न ठरणं, हे त्या औषधाचे माहीत असलेले त्रास आहेत. डोस बदलून किंवा सोबत दुसरी गोळी देऊन ते बरेचदा आटोक्यात येतात. पण आपण औषध घेतो हेच ज्याला माहीत नाही, तो हात जड झाल्याचं डॉक्टरांना कशाला सांगेल? तो म्हणेल करणी केली. किंवा काहीच न बोलता दुकानात मान खाली घालून बसेल. या औषधाने लैंगिक तक्रारीही होतात. 34 वर्षांचा अविवाहित पुरुष त्या तुला सांगणार नाही, सांगाव्यात अशी अपेक्षाही नको. तो प्रश्न डॉक्टरांनी किंवा एखाद्या पुरुष सहकाऱ्याने, दार लावून, विचारायचा असतो. दोन वर्षांपूर्वी दादांनी गोळ्या का बंद केल्या हे त्यांना कुणी विचारलं होतं का? पत्रात तरी ते नाही. कारण हेच असू शकेल.

आणखी एक. त्या थेंबांच्या माहितीपत्रकात औषध चहात मिसळू नये असं सरळ लिहिलेलं असतं. ते चहाला चालत नाही. वर दादा कधी अर्धा कप ठेवतात, कधी पाहुणा आला की कप बदलतो. म्हणजे दोन वर्षांत त्यांच्या पोटात नक्की किती औषध गेलं हे आईला, तुला, डॉक्टरांना, कुणालाच माहीत नाही. ज्या ‘स्थिर’ शब्दावर तुझे सुपरवायझर एवढे निवांत आहेत, तो या हिशेबावर उभा आहे. (आता कुणी मला ‘मग कशात घालू?’ असं विचारणारी पत्रं पाठवू नका. उत्तर मिळणार नाही.)

हे वाचून तू मावशींवर, म्हणजे दादांच्या आईवर, मात्र चिडू नकोस. नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला, मुलगा उपाशी, शेजारी कड्या लावून बसलेले. तेव्हा त्या बाईने जे हाताशी होतं ते वापरलं, आधी अंगारा, मग थेंब. त्या आठवड्यात मी तिथे असते तर मीही कदाचित ‘घाला’ म्हटलं असतं. माणूस अन्नाला शिवत नाही, बोललेलं पोहोचत नाही, अशी वेळ येते. माझी तक्रार पुढची आहे. निकडीला केलेल्या गोष्टीला कुणी मुदतच घातली नाही. दादा सावरले, दुकानात जायला लागले, गिऱ्हाइकांशी हिशेब करायला लागले, तेव्हाच कुणीतरी म्हणायला हवं होतं की आता हे थांबवू आणि त्यांना विचारून देऊ. ते ‘कुणीतरी’ म्हणजे ज्यांनी तोंडी परवानगी दिली ते डॉक्टर. केसपेपरवर लिहिलं नाही म्हणजे त्यांनाही ते खटकत होतं, आणि ते ओझं त्यांनी एका म्हाताऱ्या बाईच्या चहाच्या भांड्यात टाकलं.

म्हणून सुरुवात डॉक्टरांपासून. तू एकटीने ओसरीवर जाऊन ‘दादा, मी खोटं बोलले’ असं सांगून मोकळी होऊ नकोस. मोकळी तू होशील, आणि त्या रात्री घरात मावशी असतील. या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घे आणि सरळ सांग: पेशंटने थेट विचारलंय, मी नाही म्हटलंय, पुन्हा विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. हात आखडल्याचंही सांग, आणि हे सगळं तुझ्या भेटीच्या नोंदीत लिही. सुपरवायझरांना आवडणार नाही. त्यांना म्हणावं, उद्या काही बरंवाईट झालं तर लिहिलेलंच उपयोगी पडेल. हे वाक्य सुपरवायझरांना लवकर कळतं, माझा अनुभव आहे.

मग मावशी. त्यांना ऑफिसात बोलावू नकोस, तू जा, दादा दुकानात असताना. ‘तुम्ही चूक केलीत’ हे शब्द तोंडातून निघता कामा नयेत. त्यांनी त्याला जगवलं हे आधी म्हण, ते खरंच आहे. मग सांग की आता हे एकटीने करायचं नाही. त्यांची भीती मुकाट ऐकून घे. त्या बहुधा रडतील. दोन वर्षं रोज सकाळी मुलाला फसवणाऱ्या आईलाही झोप लागत नसते.

प्रत्यक्ष सांगायचं ते दवाखान्यात, आई-वडील दोघं समोर असताना, आणि डॉक्टरांनी सांगायचं. ‘तुम्ही फार आजारी होता, जेवत नव्हता, म्हणून औषध चहातून द्यायला मी हो म्हटलं होतं. तुम्ही बरे झाल्यावर मी तुम्हाला सांगायला हवं होतं.’ राग आईवर न जाता थोडा तरी डॉक्टरांवर जाऊ दे, त्यांना पेलवतो. तुझ्या वाट्याचं वाक्य तू बोल: तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले. त्यापुढे ‘पण तुमच्या भल्यासाठी’ वगैरे जोडू नकोस. लगेच पुढचा प्रश्न त्यांच्याकडे द्यायचा: गोळी कमी डोसने घ्यायची, वेगळी घ्यायची, की काही आठवड्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन बरं पडेल? रोज आईसमोर गोळी गिळण्यापेक्षा इंजेक्शन बरं म्हणणारी बरीच माणसं मी पाहिली आहेत. त्यात घरातली रोजची पाळत संपते.

त्याआधीच दादांनी पुन्हा विचारलं तर? म्हण, ‘मागच्या वेळी मी नीट उत्तर दिलं नाही. डॉक्टरांसमोर, आई असताना देणार आहे, अमुक तारखेला.’ यातून त्यांना उत्तर कळेल हे उघड आहे. म्हणूनच मावशींशी बोलणं आधी उरकायचं आणि तारीख लांबवायची नाही.

ते सगळंच नाकारतील, हीही शक्यता आहे. औषध सोडल्यावर हा आजार उलटण्याचा धोका मोठा असतो, मी तुला खोटी आशा दाखवत नाही. मग त्यांच्याकडूनच ठरवून घे: आजार डोकं वर काढतो तेव्हा आधी काय होतं? सलग दोन रात्री झोप नाही? दुकान बंद? ताट बाजूला सारणं? तसं झालं तर कुणी बोललेलं त्यांना चालेल? 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्यात माणसाला बरा असताना लिहून ठेवता येतं की पुढे आजारी पडलो तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि माझ्या वतीने कोण बोलेल. तो प्रतिनिधी आईच असावी असं मुळीच नाही. मामा चालेल, दुकानाचे मालकही चालतील. आजार आहे म्हणजे निर्णयक्षमता गेली असं तो कायदा मानत नाही. अगदीच निर्णय घेता येत नसेल, जिवाला धोका असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर 30 दिवसांपर्यंत दाखल करण्याची वाटही त्यात आहे, तीही तपासणी करून, कागदावर. जीप आणि अक्कलकोट त्यात कुठेच नाही. हा कायदा माझ्या वेळी नव्हता. असता तर मी शहाणी झाले असते का, कोण जाणे.

मावशी तुला रात्री-अपरात्री फोन करतात असंही तू लिहिलं होतंस. त्यांना टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून दे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तिथून गाडी येणार नाही, बोलणारं माणूस मिळेल. मारहाणीची वेळ आली तर 112. तुझा फोन मात्र रात्री बंद.

आणि काम सोडावं का? 54 घरं एकटीने सांभाळायची तर आज ना उद्या सोडशीलच, त्याला चहाचं निमित्त नको. 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपल्याकडचा एक अभ्यास आला होता, स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांचा. त्यांतल्या काहींच्या घरी तुझ्यासारखे, पण पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते वर्षभर जात होते. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा त्याने फरक पडला. थोडा पडला, फार नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हिरमुसले होते. आता वाटतं, बरं झालं कुणीतरी खरा आकडा सांगितला. त्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी देखरेख करणारी, अडलं तर विचारता येतील अशी माणसं होती, तुझ्या पाठीशी ‘काडी घालू नकोस’ म्हणणारे आहेत. सोडायचीच तर ही संस्था सोड, आणि तेही हे प्रकरण मार्गी लावून. आत्ता गेलीस तर दादांच्या हिशेबात आणखी एक माणूस खोटं बोलून निघून गेलं, एवढंच उरेल.

मावशींकडे जायचं ते दुपारी तीनच्या सुमाराला जा. त्या वेळी त्या चहा टाकतील. दोघी मिळून घ्या.