रजेच्या अर्जावर 'घरगुती कारण' लिहू नका

ताई, रविवारी संध्याकाळपासून छाती दडपते, पहाटे तीनला जाग येते, रात्री साडेआठच्या रिव्ह्यू कॉलच्या धास्तीने दुपारचा डबा तसाच परत जातो, असं तुम्ही लिहिलंय. वाचलं आणि माझी जुनी बँकेची शाखा डोळ्यांसमोर आली. बँकेच्या नोकरीचा राजीनामा द्यावा का, असं विचारताय. त्याआधी माझी चूक ऐका.

नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीचे ते पन्नास दिवस रोकड जुळेपर्यंत कोणी घरी जात नव्हतं. आम्ही ते निभावलं. खरा त्रास जानेवारीत सुरू झाला. मधे काही घडलंच नाही अशा थाटात विमा विकण्याची टार्गेटं आणि एनपीए म्हणजे थकलेल्या कर्जांच्या वसुलीची विचारणा रोज सुरू झाली. माझी झोप गेली. मी गुपचूप जिल्ह्याच्या गावी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला लागलो आणि रजेच्या प्रत्येक अर्जावर 'घरगुती कारण' लिहीत गेलो. किरकोळ रजा संपल्यावर हक्काची रजा मोडली. कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून औषधांच्या पावत्यासुद्धा फाडून टाकल्या.

आठ महिन्यांनी वैद्यकीय कारणावरून बदली मागितली. वरच्या कार्यालयाचं दोन ओळींचं उत्तर आलं: नोंदीत आजारपणाची रजा नाही, सबब विचार करता येत नाही. स्वतः जाऊन भेटलो. "आजारी होता, तर आजारी रजा का नाही घेतलीत?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांचं पत्र घेऊन चार खेपा घातल्या. पाचव्या खेपेला कळलं की अर्जच सापडत नाही, नवा द्या. त्या दिवशी एसटीत बसून मी रडलो, हे आजही सांगताना जड जातं. बदली झाली ती वर्षभराने, नेहमीच्या यादीत.

म्हणून सांगतो, आजारपणाची रजा आजारपणाची म्हणूनच घ्या. सरकारी बँकेत अधिकाऱ्याला दर वर्षाला ३० दिवस अर्धपगारी आजारी रजा मिळते, आणि दुप्पट दिवस खर्ची टाकले तर ती पूर्ण पगारी होते. प्रमाणपत्राची पोच घ्या, ऑनलाइन दिलं तर स्क्रीनशॉट ठेवा. तुमची बँक खासगी असेल तर नियम वेगळे असतील, तुमचे सेवा-नियम बघा. 'लोक काय म्हणतील' हा धाक मला कळतो, पण लोक दोन दिवस बोलतात आणि नोंद कायम राहते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. प्रमाणपत्रावर किती लिहायचं हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

आणखी एक. संवेदनशील टेबलावर, म्हणजे गैरव्यवहाराची जोखीम असलेल्या कामावर असाल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वर्षातून सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचं असतं. आमच्याकडे ती कागदावर दाखवून माणसाला फोनवर राबवायचे. तुम्ही तसं होऊ देऊ नका, त्या दिवसांत फोन घरच्यांकडे द्या.

मी डॉक्टर नाही. छातीचं दडपण ताणाचंच आहे हे तुम्ही-आम्ही ठरवायचं नाही. उद्याच ईसीजी काढा, थायरॉइड आणि बीपी तपासा. रात्री फारच असह्य झालं तर १४४१६ लावा. टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. राजीनाम्याचं मात्र पहाटे तीनला ठरवू नका. निदान एकदा पुरेशी आजारी रजा घ्या, झोप भरू द्या, मग इथे परत लिहा. अर्जाचा मसुदा हवा असेल तर मी करून देईन.