फोडणीशिवायचा डाळ-भोपळा

प्रश्न : ताई, आमच्या वरच्या मजल्यावर इथिओपियाची एक विद्यार्थिनी भाड्याने राहायची. मसुराची डाळ आणि लाल भोपळा घालून ती एक लालभडक, दाट कालवण करायची. घरी परत जाताना मसाल्याची पुडी देऊन गेली. मी कुकरला डाळ लावली, मोहरी-हिंगाची फोडणी केली, भोपळा परतला आणि तो मसाला घातला. यजमान म्हणाले, "आमटी फक्कड झालीय." मला आमटी करायची नव्हती हो! पुडीही आता संपली. मसाला घरी जमेल का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : यजमानांवर रागावू नका. मोहरी तडतडली की पुढे काहीही घाला, त्याची आमटीच होणार.

मसुराच्या या रश्शाला तिकडे 'मिसिर वोट' म्हणतात, भोपळ्याच्या रश्शाला 'दुबा वोट'. ती मुलगी बहुधा दोन्ही एकत्र करत असावी. यात फोडणी नाही, सगळा जोर कांद्यावर. एक वाटी डाळीला तीन मोठे कांदे. दचकू नका, तीनच. अगदी बारीक चिरून जाड बुडाच्या पातेल्यात कोरडेच टाकायचे, तेलाचा थेंब नाही. मंद आचेवर आधी पाणी सुटतं, मग ते आटतं आणि कांदा बुडाला धरू लागतो. धरला की चमचाभर पाणी शिंपडून खरवडायचं. वीसेक मिनिटांत त्याचा मऊ, तपकिरी गोळा होतो. रश्शाला दाटपणा येतो तो यानेच, म्हणून इथे घाई नको. तेल त्यानंतर, तीन मोठे चमचे. मग आलं-लसूण आणि दोन चमचे मसाला. तोही मंद आचेवर, पाण्याचे हबके मारत, सात-आठ मिनिटं शिजवायचा. कच्च्या मिरचीचा वास गेला आणि कडेला लाल तेल दिसलं की धुतलेली डाळ आणि साडेतीन वाट्या कढत पाणी. कुकर नको, मसूर उघड्यावर छान शिजते.

डाळ अर्धी शिजली की पाव किलो भोपळा, सालासकट, मोठ्या फोडी करून. मंडईत घेताना गडद केशरी, घट्ट फोड मागा. पाणचट भोपळा रश्शात विरून जातो. मीठ शेवटी. चिंच, गूळ, ओलं खोबरं, कोथिंबीर यांतलं काहीही नाही. हात शिवशिवेल, पण आवरा.

मसाल्याचं नाव 'बर्बरे'. पंधरा बेडगी मिरच्या, एक चमचा धणे, अर्धा-अर्धा चमचा मेथी, मिरी, ओवा आणि कलौंजी, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा. मिरच्या वेगळ्या, बाकीचं वेगळं, कोरडंच भाजा. मेथी लालसर होताच उतरवा; करपली तर सगळा मसाला कडू. दळताना अर्धा चमचा सुंठ आणि चिमूटभर जायफळ घाला. तिकडे 'कोरेरिमा' नावाची एक वेलची वापरतात. त्याऐवजी एका मसाला वेलचीचे दाणे चालतील. रविवार पेठेत सगळं एका दुकानात मिळेल.

तूप घालू का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. एरवी तिकडे मसाल्यात कढवलेलं तूप, 'नितर किब्बे', घालतात. पण तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे बुधवारी आणि शुक्रवारी उपास असतात, ईस्टरआधी तर कित्येक आठवडे. त्यात मांस, अंडी, दूध, तूप वर्ज्य. कांदा-लसूण आणि डाळ मात्र बिनदिक्कत चालते! आपल्या साबुदाण्याच्या खिचडीपुढे हा उपास मला तरी जास्त शहाणा वाटतो. म्हणून उपासाचं वोट तेलातच होतं आणि चवीला कुठेही कमी पडत नाही.

सोबत पोळी नको. तिकडे टेफ नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून 'इंजेरा' करतात आणि भाज्या त्यावरच वाढतात. आपल्याकडे ज्वारीच्या पिठात थोडं तांदळाचं पीठ घालून, रात्रभर आंबवून, आंबोळी घाला. झाकण ठेवून एकाच बाजूने भाजा, उलटू नका. वर जी जाळी पडते, तिच्यातच रस्सा मुरतो.