बंदूक सगळ्यात शेवटी घे

प्रिय बाळा,

ट्रॅप, म्हणजे उडत्या तबकड्या शॉटगनने फोडायचा खेळ, करायचाय हा तुझा मेसेज परवा रात्रीच वाचला, पण उत्तर लगेच दिलं नाही कारण ते दोन ओळीत मावणारं नव्हतं. त्या दिवशी तू रेंजवर आलीस, क्लबच्या बंदुकीने दहा बर्ड (म्हणजे त्या तबकड्या) मारलेस, त्यातले चार फुटले, आणि चौथ्याचा एकदम काळा धूर झाला तेव्हा तू आनंदाने मागे वळलीस, बंदूक हातात धरूनच, आणि मी पटकन नळी धरून परत समोर केली, आठवतंय ना? तेव्हा ओरडलो नाही, पण ती गोष्ट आधी सांगतो आणि पुन्हा सांगणार नाही. शॉटगन हातात असताना अंग वळत नाही. काडतूस फक्त आपल्या स्टेशनवर, आपला नंबर आल्यावर आत जातं, बाकी सगळा वेळ बंदूक मधून मोडलेली म्हणजे उघडी, रिकामी, कुणालाही लांबून दिसेल अशी. ज्या रेंजवर याच्याबद्दल हयगय चालते तिथे पाऊल ठेवू नकोस, कोच कितीही मोठा असला तरी.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. दोन वर्षं एअर रायफल केलीस, विभागापर्यंत गेलीस, आता म्हणतेस ट्रॅप करायचंय, आणि बाबा म्हणतात हा राजेरजवाड्यांचा खेळ, आपला नाही. बाबांचं खोटं नाही गं. आपल्याकडे हा खेळ खरंच तिथूनच आला. बिकानेरचे महाराजा करणी सिंह पाच ऑलिम्पिक खेळले, १९६२ साली कैरोला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये रौप्य आणलं, आणि दिल्लीला तुघलकाबादची जी रेंज आहे तिला त्यांचंच नाव आहे. पुढे २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोडांनी डबल ट्रॅपमध्ये (दोन तबकड्या एकदम सुटतात तो प्रकार) रौप्य मिळवलं, ते मात्र राजघराण्यातले नाहीत, फौजेतले. आणि नेमबाजीची जी राष्ट्रीय संघटना आहे ना, १९५१ ची, तिचे पहिले अध्यक्ष आपले गणेश वासुदेव मावळंकर, लोकसभेचे पहिले सभापती, तुम्ही पोरं त्यांच्या नावाच्या स्पर्धेला नुसतं 'मावळंकर खेळायला चाललो' म्हणता तो हाच माणूस.

पण बाबांना मनीषा कीरबद्दल सांग. भोपाळजवळच्या गावातली मुलगी, वडील तलावात मासेमारी करायचे, ती पण मदतीला जायची. मध्य प्रदेश सरकारच्या शूटिंग अकॅडमीत निवड झाली आणि २०१८ ला कोरियात चांगवॉनला ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ट्रॅपचं रौप्य घेऊन आली. त्याच अकॅडमीतली प्रीती रजक, इटारसीची, वडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान. २०२२ मध्ये खेळाच्या जोरावर आर्मीत हवालदार म्हणून लागली, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या दोघी आणि राजेश्वरी कुमारी मिळून टीमचं रौप्य, आणि २०२४ च्या जानेवारीत प्रीती सुभेदार झाली, भारतीय सैन्यातली पहिली महिला सुभेदार. मासे पकडणाऱ्याची आणि कपडे धुणाऱ्याची मुलगी. आता यात एक गोष्ट नीट बघ, या दोघींनी स्वतःच्या पैशाने बंदूक घेऊन सुरुवात केली नाही, अकॅडमीने हातात दिली. म्हणून तुला सांगतोय की बंदूक सगळ्यात शेवटी घे.

कारण मी उलटं केलं होतं. सुरुवातीलाच घरच्यांच्या मागे लागून, उसनेपासने करून लाखांची जुनी बंदूक घेतली, विकणारा म्हणाला एकदम मस्त आहे आणि मी ऐकलं. स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, माझ्या हाताला लांब, गाल नीट बसायचाच नाही. त्यात माझा उजवा हात चालतो पण डोळा डावा जोरात, हे कुणी तपासलंच नाही, ज्या कोचकडे जायचो त्यांनी नाही आणि मी पण नाही. तीन वर्षं मी उजवीकडे जाणारे बर्ड सोडत राहिलो आणि समजत राहिलो की माझी प्रॅक्टिस कमी पडते. ती तीन वर्षं आणि ते पैसे, दोन्ही परत आले नाहीत. तू आत्ता उठ आणि तपास. दोन्ही हात पुढे ताणून पंजांमध्ये छोटं त्रिकोणी भोक कर, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघ, मग एकेक डोळा मिट. जो डोळा उघडा असताना घड्याळ जागेवर राहतं तो तुझा मुख्य डोळा. डावा निघाला तर आत्ताच डाव्या खांद्याने शिकायला लागू, सोळाव्या वर्षी महिनाभरात जमतं, नंतर फार जड जातं.

आणि रायफलची सवय इथे थोडी आड येणार आहे हे पण धरून चाल. तिथे तू श्वास धरून, अंग दगड करून, एका ठिपक्यावर थांबतेस. ट्रॅपमध्ये थांबलीस की संपलं. पुढे १५ मीटरवर खंदक असतो, त्यात १५ मशीन, कुठल्या मशीनमधून कुठल्या कोनात येणार ते तुला माहीत नसतं, तू "पुल" म्हणतेस, माईक आवाज पकडतो आणि ११० मिलिमीटरची, १०५ ग्रॅमची ती तबकडी ताशी शंभरच्या वर वेगाने तुझ्यापासून लांब पळायला लागते. सेकंदाच्या आत पहिला बार गेला पाहिजे, चुकला तर दुसरा. (क्ले म्हणतात पण माती नसते हां त्यात, डांबरासारखी पिच आणि चुनखडीची भुकटी असते, म्हणून असा धूर होतो.) नजर बर्डवर, नळीवर नाही. दोन्ही डोळे उघडे. कंबर वळते, हात नुसते बंदूक धरायला. आणि गाल, गाल, गाल. फुटला का ते बघायच्या उत्साहात गाल वर आला की छर्रे वरून जातात आणि रेफ्री म्हणतो लॉस्ट, म्हणजे बर्ड गेला. तुझे त्या दिवशीचे सहा गेलेले मी मोजले, त्यातले चार असेच गेले.

तुझ्याकडे जे आधीच आहे ते मात्र फार मोलाचं आहे. ट्रिगर, तोल, आणि एक शॉट वाईट गेला तरी पुढच्यासाठी चेहरा कोरा करणं. मुलींनाही २०१८ पासून १२५ बर्ड असतात, २५ चे पाच राऊंड, दोन दिवसांत, मधे ऊन बदलतं, वारा बदलतो, शेजारच्या स्टेशनवरचा भरभर फोडत असतो, आणि तू आपल्याच एका बर्डपुरतं उभं राहायचं. पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये स्कीटच्या (तोही तबकड्यांचाच खेळ) मिक्स टीममध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंह नरुका ब्राँझची मॅच ४३-४४ ने हरले. एक बर्ड. त्या आठवड्यातच आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने रायफलचं ब्राँझ आणलं म्हणून सगळा महाराष्ट्र नाचत होता, बरोबरच होतं, पण मी त्या एका बर्डसाठी रात्री झोपलो नव्हतो.

पैशाचं स्पष्ट बोलू, कारण बाबांची खरी काळजी तिथे आहे. काडतुसाच्या बॉक्समध्ये २५ असतात. एका राऊंडला दुसरा बार धरून तीसेक जातात, म्हणजे दिवसाला चार राऊंड मारलेस तर सव्वाशे काडतुसं आणि शंभर तबकड्या, तीही रोज. एअर रायफलच्या छर्र्यांशी तुलनाच नको. म्हणून पहिलं वर्षभर आठवड्यातून एकच दिवस रेंज, दोन राऊंड, बस. बाकीचे दिवस घरी कोरडा सराव, भिंतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी लाव आणि काठीने माउंट (बंदूक खांद्याला लावणं) आणि स्विंग (ती बर्डबरोबर फिरवणं), रोज शंभर वेळा, आरशासमोर गाल बघत. लायसन्सला २१ पूर्ण लागतात, तोवर तुला नियमाप्रमाणे कोचच्या देखरेखीखाली क्लबच्या बंदुकीवरच शिकायचंय, त्यामुळे शेत विकायचं, कर्ज काढायचं असलं काही घरी निघालं तर सरळ मला फोन लावून दे. पुढे स्कोअर झाले, नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळाला की चांगली बंदूक बाहेरून आणायचा रस्ता उघडतो, तेव्हा बघू.

मग यातून मिळणार काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. मेडलची गोष्ट तुला माहितीये, ती बाजूला ठेव. महाराष्ट्रात रायफल-पिस्तूलला एवढी गर्दी आहे की जिल्ह्यातच पाचवा नंबर येतो, शॉटगनच्या रेंज आपल्याकडे बोटावर मोजण्याइतक्या आणि मुली तर त्याहून कमी, म्हणजे राज्याच्या टीमचं दार तुलनेने जवळ आहे. अर्थात राज्यात पहिली आलीस म्हणून देशात कुणी विचारत नाही, पंजाब, राजस्थान, मध्य प्रदेशची पोरं लहानपणापासून यातच आहेत. ज्युनिअर म्हणजे २१ च्या आतली, अजून पाच वर्षं आहेत तुझ्याकडे. खेलो इंडियात निवड झाली तर महिन्याला १० हजार हातखर्च मिळतो. दहावी-बारावीला क्रीडा गुण आहेतच. सरकारी नोकरीत आपल्या राज्यात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्रं क्रीडा खात्याकडून पडताळून घ्यावी लागतात, तेव्हा प्रत्येक स्पर्धेचा कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये आजपासून. तुमच्या कोल्हापूरचीच राही सरनोबत पिस्तूल मारत मारत उपजिल्हाधिकारी झाली, स्वप्नील रेल्वेत टीसी होता तेव्हाच ऑलिम्पिकला गेला. आर्मी, रेल्वे, पोलीस सगळीकडे खेळाडूंची भरती निघते. अमेरिकेत काही कॉलेजं, मिसुरीचं लिंडनवूड वगैरे, क्ले शूटिंगच्या टीमसाठी स्कॉलरशिप देतात, तो रस्ता लांबचा आहे, बारावीला बघू.

आणि ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही ते पण सांगतो. रेफ्री लागतात, कोच लागतात, बंदुकीचा स्टॉक माणसाच्या खांद्याला बसवून देणारे कारागीर लागतात, मशीन लावणारे लागतात. आपल्याकडे ही माणसं फारच थोडी आहेत. मी स्वतः देशाकडून खेळलो नाही, पण आज तीस पोरांचा गाल स्टॉकवर बसवतो आणि मला सकाळी रेंजवर जायला अलार्म लागत नाही.

एक मात्र सांगून ठेवतो, रायफल लगेच सोडू नकोस. मार्चपर्यंत दोन्ही कर. डबल ट्रॅप ऑलिम्पिकमधून काढलं तेव्हा त्यातच आयुष्य घातलेली माणसं एका निर्णयाने उघडी पडली, ते मी जवळून पाहिलंय, म्हणून एवढं सावधपण. बारावीचं वर्ष असेल तेव्हा अभ्यास आधी, बर्ड कुठे पळून जात नाहीत.

येत्या रविवारी सकाळी सातला ये, बाबांना घेऊन ये, त्यांना पण पाच बर्ड मारू दे. टोपी आण, कानाचे प्लग आणि चष्मा माझ्याकडे आहे. अंगात जाडसर टीशर्ट, ओढणी नको, केस बांधून. खांदा दुखत असेल तर खरं सांग, तुझा मेसेजमधला 'अजिबात नाही सर' मला पटलेला नाही. डब्बा आणलास तर काडतुसांना हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय उघडायचा नाही, शिसं असतं त्यात. आणि डोळा कुठला निघाला ते आज रात्रीच कळव, त्याप्रमाणे बंदूक काढून ठेवतो.

तुझा,
सर