संख्याशास्त्राची उजळणी : कोठून सुरुवात करावी?

प्रश्न : मी साहित्याची पदवीधर असून सात वर्षांच्या नोकरीनंतर दोन महिन्यांनी एमबीएला प्रवेश घेत आहे. शाळा सुटल्यापासून गणिताला हात लावलेला नाही. संख्याशास्त्राचे एक जाडजूड पाठ्यपुस्तक आणले, पण तिसऱ्याच प्रकरणात क्रमचय-संचयापाशी अडकले. उजळणी कशी करावी?

उत्तर : ते प्रकरण तूर्त बाजूला ठेवावे. व्यवस्थापनाच्या वर्गात त्याची गाठ क्वचितच पडते. तेथे मुख्य प्रश्न असा असतो की, थोड्या लोकांकडून मिळालेल्या माहितीवरून सर्वांविषयी किती खात्रीने बोलता येईल? त्याच्याशी ज्याचा संबंध येत नाही ते आज वगळले तरी चालेल.

सुरुवात कागद-पेन्सिलीने करावी. पाच दिवसांत ४, ६, ८, १० आणि १२ वस्तू विकल्या गेल्या असे समजा. सरासरी ८ येते. प्रत्येक आकड्याचे सरासरीपासूनचे अंतर काढून त्याचा वर्ग केला, की वर्गांची बेरीज ४० भरते. आपल्याला केवळ याच पाच दिवसांविषयी बोलायचे असेल तर ४० ला ५ ने भागायचे. हे दिवस मोठ्या काळातील नमुना असतील तर ४ ने. अंतरे नमुन्याच्या स्वतःच्याच सरासरीपासून मोजल्यामुळे ही बेरीज थोडी कमी भरण्याकडे झुकते, आणि लहान भाजक ती कसर भरून काढतो. भागाकाराचे वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन : पहिल्या रीतीने २.८३, दुसऱ्या रीतीने ३.१६. स्प्रेडशीटमध्ये या दोहोंसाठी वेगवेगळी फंक्शन असतात. त्यांतले कोणते निवडायचे हे मात्र आपल्यालाच कळावे लागते.

पुढची पायरी प्रमाण त्रुटीची, आणि बहुतेकांचा घोटाळा येथेच होतो. प्रमाण विचलन ग्राहक एकमेकांपासून किती वेगळे आहेत हे सांगते. प्रमाण त्रुटी आपण काढलेली सरासरी किती डळमळीत आहे हे सांगते. विचलनाला नमुन्यातील संख्येच्या वर्गमुळाने भागले की ती मिळते. विचलन २०० असेल तर १०० ग्राहकांच्या नमुन्यात त्रुटी २० येते, ४०० ग्राहकांच्या नमुन्यात १०. म्हणजे त्रुटी निम्मी करायची तर नमुना चौपट घ्यावा लागतो, आणि सर्वेक्षणाचे अंदाजपत्रक बहुधा येथेच कोलमडते. नमुना फारच लहान असेल तर सरासरींतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का हे तपासायला टी-चाचणी वापरतात. ती विल्यम गॉसेट यांनी गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत नोकरी करताना शोधली आणि १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध केली, तेव्हा व्यवसायाला हा विषय परका नाही.

अशा चाचणीतून जी पी-व्हॅल्यू मिळते, तिचा अर्थ मात्र घोकून ठेवावा. ती ०.०३ आली म्हणजे आपला निष्कर्ष ९७ टक्के खरा ठरला, असे नव्हे. प्रत्यक्षात काहीच फरक नाही असे धरले, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता ३ टक्के आहे, इतकेच ती सांगते.

रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा काढणे, वर्गात शिकवतीलच. त्याआधी फ्रान्सिस अँस्कोम यांनी १९७३ मध्ये मांडलेले आकड्यांचे चार संच शोधून त्यांचे आलेख स्वतः काढावेत. चारही संचांची सरासरी, विचलन आणि रिग्रेशनची रेषा जवळजवळ सारखीच येते; आलेखांत मात्र एक संच चक्क कमानीसारखा वळलेला दिसतो, तर दुसऱ्यात एकटा भरकटलेला बिंदू सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतो.